गुलामीच्या शब्दांची कुळकथा

विहाराच्या वर्धापन दिनाची स्मरणिका निघते आहे, तुम्हीही चार पाने लिहा, असे कार्यकारिणीच्या मंडळींनी सांगितले तेव्हा आम्ही लगेच हो म्हणालो. पण विषय सांगितल्यावर बैठकीत जरा वादावादी झाली. गुलामगिरीशी नाते असलेले जे शब्द आपल्या तोंडी आहेत किंवा होते, त्यांचा अर्थ काय आणि ते आले कुठून, यावर लिहितो असे आम्ही म्हणालो. त्यावर एक तरुण कार्यकर्ता उसळून म्हणाला, "काका, ते येसकर, तराळ, महारकी असले शब्द आता छापायचे कशाला? आमच्या पोरांनी ते ऐकलेले पण नाहीत. बाबासाहेबांनी त्यातून बाहेर काढलं, आणि तुम्ही परत तेच घरात आणता." मुलगा इंजिनिअर आहे. त्याचा राग आम्हाला कळतो, त्याच्या वयात आम्हीही असेच बोललो असतो. बैठकीत आम्ही गप्प बसलो.

त्याच आठवड्यात चाळीच्या गॅलरीत पोरे पत्ते खेळत होती. शेजाऱ्यांचा सात-आठ वर्षांचा नातू हातात पत्ता घेऊन आला आणि विचारू लागला, "राजा कळला, राणी कळली. गुलाम म्हणजे काय हो आजोबा?" आम्ही म्हणालो, नोकर. तो म्हणाला, "मग नोकर का नाही म्हणत?" पोराच्या या प्रश्नामुळे हा लेख लिहायचा हे आमचे नक्की झाले.

वाचक बंधूभगिनींनो, आधीच सांगतो, आम्ही काही भाषापंडित नाही. सातवीनंतर शाळा सुटली, पुढे रात्रशाळा केली. १९८९ साली गिरणीत बदली म्हणून लागलो आणि २०२० च्या टाळेबंदीत गिरणी बंद झाली ती पुन्हा उघडलीच नाही. पाली-संस्कृत कुठल्या कॉलेजात शिकलो नाही. विहाराचे कपाट, रद्दीवाल्याकडची पुस्तके आणि जाणत्या माणसांना विचारलेले प्रश्न, एवढेच आमचे विद्यापीठ. तरीपण जे पक्के कळले तेवढेच येथे मांडतो.

'गुलाम' हा मूळचा अरबी शब्द. अरबीत त्याचा साधा अर्थ मुलगा, पोरगा. बाजारात विकत घेतलेले पोर घरी कामाला ठेवायचे, त्याला 'पोरगा' म्हणायचे. ते पोर मोठे होऊन म्हातारे झाले तरी मालकाच्या लेखी पोरगाच. फारसीच्या वाटेने हा शब्द मराठीत आला. मजा अशी की, पत्त्यातल्या ज्या पानाला आपण गुलाम म्हणतो त्याला इंग्रजीत जुने नाव नेव्ह. त्याचाही मूळ अर्थ मुलगाच! मुलगा, मग नोकर, मग लुच्चा असा त्या शब्दाचा प्रवास झाला. जुन्या ग्रीक लोकांतही मुलाला आणि गुलामाला एकच शब्द होता, पाईस. अमेरिकेत गोरे लोक साठीच्या काळ्या माणसालाही बॉय म्हणून हाक मारीत. म्हणजे भाषा वेगळ्या, देश वेगळे, पण माणसाला माणूस न म्हणण्याची युक्ती सगळीकडे एकच. आम्ही गिरणीत लागलो तेव्हा पन्नाशीतल्या कामगारालाही "ए पोऱ्या" म्हणून हाक मारणारे जॉबर होते. त्यांनी काही अरबी वाचलेले नव्हते.

गुलाम शब्दाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आपल्या दख्खनमध्ये मलिक अंबर होऊन गेला. हबशी देशातला पोरगा, अनेक बाजारांत विकला गेलेला. तो निजामशाहीचा वजीर झाला, मोगलांशी झुंजला, खडकी शहर त्याने वसवले, आणि १६२६ साली वारला तो मोठा मुत्सद्दी म्हणून. गुलाम वर चढू शकत होता. आपले पूर्वज मात्र कोणी विकत घेतलेले नव्हते, तरी त्यांना वर चढायला एक पायरीसुद्धा नव्हती. हे लक्षात ठेवा, पुढे पुन्हा यावे लागेल.

आता 'दास'. इंग्रजीतला स्लेव हा शब्द स्लाव नावाच्या लोकांवरून आला. मध्ययुगात युरोपच्या पूर्वेकडच्या या लोकांना पकडून इतके विकले की त्यांच्या जमातीचे नावच गुलामाचे नाव झाले. आपल्याकडे दास शब्दाचेही तसेच दिसते. ऋग्वेदात दास आणि दस्यू हे आर्यांचे शत्रू आहेत, त्यांची पुरे आहेत, शंबरासारखे त्यांचे नायक आहेत. हरलेल्या लोकांचे नाव नंतर राबणाऱ्या माणसाला चिकटले. इराणच्या जुन्या भाषेत दस्यूशी नाते सांगणारा दह्यु हा शब्द आहे, त्याचा अर्थ देश, मुलूख. तिकडे देश आणि इकडे चोर-दरोडेखोर! बाबासाहेबांनी १९४६ च्या आपल्या शूद्रांवरील ग्रंथात या दास-दस्यूंची चर्चा केलेली आहे. ज्यांना वाचणे शक्य आहे त्यांनी ती मुळातूनच वाचावी.

पुढे मनूने तर नावातच बेडी घातली. शूद्राचे नाव ऐकताच किळस यावी आणि त्यात चाकरीचा अर्थ असावा असा त्याचा दंडक. आणि आठव्या अध्यायात तो म्हणतो की धन्याने सोडले तरी शूद्र दास्यातून सुटत नाही, कारण दास्य त्याच्या अंगचेच आहे. जगातल्या बहुतेक गुलामांना सुटकेची काही ना काही वाट होती. मनूने ती वाटच बुजवली. महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी जे पुस्तक जाळले त्यात हे लिहिलेले होते, एवढे पोरांना सांगा.

पण याच दास शब्दाला नंतर साखर लावली गेली. देवाचा दास, गुरूचा दास. माणसे हौसेने स्वतःला दास म्हणवून घेऊ लागली. बाईच्या बाबतीत तर देवदासी असे नाव देऊन पोरीचे आयुष्यच देवाच्या नावावर बाजारात बसवले. आपल्याकडे मुरळी, जोगतीण. मुंबई इलाख्यात १९३४ साली देवदासी प्रथेविरुद्ध कायदा झाला आणि १९३६ साली परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी या भगिनींना हे जिणे सोडा म्हणून बजावले. म्हणून आम्हाला वाटते, आणि हा आमचा आपला अंदाज आहे, की जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ग्रंथ लिहिला तेव्हा त्याचे नाव 'दास्य' न ठेवता 'गुलामगिरी' ठेवले ते उगाच नव्हे. दास म्हटले असते तर लोकांना भक्ती आठवली असती. गुलाम म्हटल्यावर बाजार आठवतो. त्यांनी तो ग्रंथ अर्पण केला तोही अमेरिकेतल्या काळ्या गुलामांना मुक्त करणाऱ्या तिथल्या सज्जनांना. पुण्यात बसून एका माळ्याच्या मुलाने समुद्रापलीकडच्या गुलामाशी आपले नाते ओळखले.

आता तथागतांच्या काळाकडे वळू. त्या काळी दास नव्हते असे कोणी सांगत असेल तर ते खरे नाही. विनयात दासाचे प्रकार दिलेले आहेत : घरातच दासीच्या पोटी जन्मलेला, पैसे देऊन घेतलेला, लढाईत धरून आणलेला. पण अस्सलायन सुत्तात भगवान त्या ब्राह्मण तरुणाला काय विचारतात पाहा. यवन आणि कंबोज देशांत दोनच वर्ण आहेत, मालक आणि दास, आणि तिथे मालकाचा दास होतो, दासाचा मालक होतो, हे तू ऐकले आहेस ना? म्हणजे दास ही परिस्थिती झाली, जन्म नव्हे. मनूचे म्हणणे याच्या बरोबर उलट.

सामञ्ञफल सुत्तात राजा अजातशत्रूला भगवान विचारतात की तुझाच एखादा दास भिक्षू झाला तर त्याला परत कामाला ये म्हणशील काय? राजा म्हणतो, नाही, उलट मीच उठून त्याला वंदन करीन. हा प्रसंग आम्ही वर्षावासात ऐकतो तेव्हा दरवेळी अंगावर काटा येतो. मात्र प्रामाणिकपणे हेही लिहिले पाहिजे की विनयात दासाला प्रव्रज्या देऊ नये असा नियम आहे. मालकाने मोकळे केल्यावरच तो संघात येऊ शकत असे. मालकाचा हक्क संघाने मोडला अशी तक्रार उठू नये म्हणून तो नियम झाला. आम्हाला तो नियम बोचतो. बोचतो म्हणूनच येथे लिहिला, नाहीतर विरोधक दाखवतील आणि आपली पोरे गोंधळतील.

पुण्णा ही अनाथपिंडिकाच्या घरची पाणी भरणारी दासी. थंडीत नदीत बुडी मारून पाप धुवू पाहणाऱ्या ब्राह्मणाला तिने निरुत्तर केले. मग तर मासे, बेडूक सगळे मुक्त होतील, असा तिचा सवाल. पुढे तिला मोकळे केले गेले, ती भिक्षुणी झाली, आणि तिच्या गाथा थेरीगाथेत आहेत. दुसरी खुज्जुत्तरा, कोसंबीच्या राणी सामावतीची दासी. राणीला बाहेर जाता येत नसे, म्हणून ही जाऊन धम्म ऐकायची आणि परत येऊन महालातल्या बायकांना जसाच्या तसा सांगायची. इतिवुत्तक हा ग्रंथ तिच्या ऐकण्यातून टिकला अशी परंपरा आहे. खुज्जा म्हणजे कुबडी. व्यंगावरून पडलेले दासीचे नाव, आणि तेच नाव अडीच हजार वर्षे आदराने घेतले जाते.

आणि आता या लेखातला आमचा सर्वात आवडता शब्द : 'भुजिस्स'. पालीत भुजिस्स म्हणजे दास्यातून सुटलेला माणूस. ज्याच्यावर दुसऱ्याचा ताबा नाही, जो मनाला येईल तिकडे जाऊ शकतो. त्याच सामञ्ञफल सुत्तात मन शुद्ध झालेल्या भिक्षूला कसे वाटते हे सांगताना कर्जातून सुटलेला, आजारातून उठलेला, तुरुंगातून बाहेर आलेला आणि दास्यातून भुजिस्स झालेला माणूस, अशा उपमा दिलेल्या आहेत. एवढेच नाही. शीलाची जी विशेषणे सुत्तांत येतात, अखंड, निर्दोष वगैरे, त्यांत शीलालाच भुजिस्स म्हटलेले आहे. गुलामाच्या सुटकेचा शब्द पंचशीलाला लावलेला! आम्ही तीस वर्षे पंचशील घेत होतो, पण हे आम्हाला उशिरा कळले. मराठीत गुलामीचे शब्द पन्नास सापडतील, पण सुटलेल्या माणसाला असा एकच नेमका शब्द आम्हाला सापडला नाही. कोणाला सापडला तर कळवा.

सम्राट अशोकाच्या नवव्या शिलालेखात खरे मंगल कोणते हे सांगताना पहिलीच गोष्ट येते ती दास आणि चाकर यांच्याशी नीट वागणे. या नवव्या लेखाचा एक तुकडा आपल्या जवळच, वसई तालुक्यातल्या भुईगावला मिळाला. साल कोणते? १९५६! आठव्या लेखाचा तुकडा सोपाऱ्याला १८८२ सालीच मिळाला होता, नववा मात्र धम्मदीक्षेच्या वर्षाची वाट बघत राहिला. अर्थात हा योगायोग, त्यात चमत्कार शोधू नये.

'वेठबिगार' या शब्दावर जरा थांबू. वेठ हा संस्कृत विष्टी वरून आलेला शब्द. विष्टी म्हणजे फुकट करून घ्यायचे सक्तीचे काम. जुनागढला महाक्षत्रप रुद्रदामनचा इ. स. १५० चा लेख आहे, त्यात तो मोठ्या अभिमानाने सांगतो की सुदर्शन तलावाचा बांध मी प्रजेकडून विष्टी न घेता बांधला. म्हणजे बाकीचे राजे घेतच होते, नाहीतर कौतुक कशाचे? आपल्या विदर्भात वाकाटक राजांचे ताम्रपट आहेत. ब्राह्मणांना गाव दान देताना त्यांत लिहितात की हे गाव सर्व विष्टीतून माफ. ज्या गावाला ताम्रपट नव्हता त्या गावाने काय करायचे ते तुम्हीच ओळखा.

बिगार हा फारसी बेगार. अर्थ तोच, पैसे न देता करून घेतलेले काम. म्हणजे वेठ आणि बिगार हे दोन शब्द नव्हेतच, एकच शब्द दोन भाषांत सांगितलेला आहे. धनदौलत, कागदपत्र, तसे वेठबिगार. संस्कृत बोलणारे राजे गेले, फारसी लिहिणारे आले, दरबाराची भाषा बदलली. डोक्यावरचे ओझे तेवढेच राहिले, म्हणून त्याला दोन्ही नावे चिकटली. पुढे इंग्रज आले. १८४३ साली त्यांनी गुलामगिरी कायद्याने अमान्य केली, पण साहेबाचा मुक्काम पडला की सामान वाहायला बिगारी धरलेच जात. आणि अॅग्रिमेंटचे 'गिरमिट' करून माणसे मॉरिशसला उसाच्या मळ्यात नेली, त्यांत आपल्या कोकणातली मराठी माणसेही होती.

भारताच्या संविधानाचे २३ वे कलम बघा. माणसांचा व्यापार आणि बेगार यांना त्यात मनाई आहे. इंग्रजी प्रतीतसुद्धा बेगार हा शब्द जसाच्या तसा ठेवला आहे. या दुःखाला इंग्रजीत नेमका शब्द नव्हता असेच म्हणावे लागेल. आणि माणसांचा व्यापार म्हटल्यावर आम्हाला अंगुत्तर निकाय आठवतो. उपासकाने जे पाच धंदे करू नयेत असे भगवंतांनी सांगितले त्यांत सत्तवणिज्जा, म्हणजे जिवांचा व्यापार, आहे आणि अट्ठकथेत त्याचा अर्थ माणसांची विक्री असाच दिला आहे. वेठबिगारीविरुद्धचा खास कायदा मात्र १९७६ साली झाला, संविधानानंतर पाव शतकाने.

जाता जाता एक गंमत. हल्ली सगळीकडे रोबोट रोबोट ऐकू येते. हा शब्द कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० च्या नाटकातून आला. चेक भाषेत रोबोटा म्हणजे वेठ! गिरणीत ऑटोमॅटिक साचे आले तेव्हा आमच्यातले काही जण म्हणत, आता यंत्र राबेल, आपण आराम करू. झाले भलतेच. यंत्र वेठीला लागले आणि आम्ही गेटबाहेर.

बायकांच्या वाट्याला आलेले शब्द वेगळेच आहेत. पेशवाईच्या कागदपत्रांत 'कुणबीण' येते ती शेतकऱ्याची बायको नव्हे, विकत घेतलेली बाई. 'बटीक' तीच. सरकारी पागेत, कोठीत, सरदारांच्या वाड्यात दळण, शेण, पाणी यांना त्या लावलेल्या असत आणि त्यांची किंमत रुपयांत लिहिलेली असते. शेत कसणाऱ्या घरची साधी बाई या अर्थाचा शब्द गुलाम बाईला लागला, याचा अर्थ कोणत्या घरच्या बाया बाजारात येत होत्या तेही कळते. आजही भांडणात एखादी म्हणते, "मी काय तुझी बटीक आहे?" तिला ठाऊक नसते की हा हिशेबाच्या वहीतला शब्द आहे.

आता घरचा शब्द, 'वतन'. अरबीत वतन म्हणजे मायभूमी, जन्मगाव. केवढा गोड शब्द! मराठीत तो वंशपरंपरेने चालणाऱ्या हक्काला लागला. पाटलाचे वतन, कुलकर्ण्याचे वतन, आणि आमचेही वतन! आमचे आजोबा येसकर होते. येसकर म्हणजे वेसकर, वेशीचा रखवालदार. गावाची वेस राखायची आणि स्वतः वेशीबाहेर राहायचे. सरकारी टपाल पोचवणे, मेलेली जनावरे ओढणे, मयताचा निरोप चार गावांना देणे, रात्री-अपरात्री पाटलाची हाक आली की उठणे. मोबदला काय, तर भाकरी आणि थोडी जमीन. त्या जमिनीलाही नाव हाडकी-हाडवळा, हाडांवरून आलेले. एका माणसाच्या नावावर काम असले तरी सारे घर राबायचे.

१९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ वतने गेली. आमचे वडील सांगत, तलाठ्याने वतन गेल्याचे सांगितले त्या दिवशी आमची आजी दिवसभर रडली. "आपलं वतन गेलं, आता आपल्याला गाव राहिलं नाही," म्हणाली. वडील तेव्हा मुंबईहून सुट्टीला गेले होते. त्यांनी तिला समजावले, आई, वतन नाही, बेडी गेली. तिला पटले नाही. आम्ही लहानपणी ही गोष्ट ऐकून आजीला हसायचो. आता हसू येत नाही. शब्दच असा दिला होता की बेडी गेली तरी माणसाला दागिना हरवल्यासारखे वाटावे.

बाबासाहेबांनी हे केव्हाच ओळखले होते. १९२८ साली त्यांनी मुंबई कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल आणले. ते पुढे मागे घ्यावे लागले, पण १९३९ साली हरेगावच्या परिषदेतही त्यांनी वतनाचाच प्रश्न घेतला. त्यांच्या लिखाणात गुलामी आणि अस्पृश्यता यांची तुलना आहे. गुलामाला किंमत मोजलेली असते, म्हणून मालक त्याच्या तब्येतीला जपतो, त्याला कसब शिकवतो. अस्पृश्य फुकटचा, तो मेला तरी कोणाचे नुकसान नाही. मलिक अंबराचा विषय काढला होता तो यासाठी. आमच्या वाडवडिलांना कोणी गुलाम म्हटले नाही, वतनदार म्हटले. म्हणून गुलामगिरीविरुद्धचा १८४३ चा कायदा त्यांच्या दारात कधी आलाच नाही.

आणि हे सगळे संपले आहे असेही नाही. बीडकडून साखर कारखान्यांना ऊस तोडायला जी जोडपी जातात त्यांना मुकादम आधी 'उचल' देतो. त्या नवरा-बायकोला मिळून हिशेबात एक 'कोयता' म्हणतात. दोन जिवंत माणसे मिळून एक हत्यार. एकटाच आला तर अर्धा कोयता. हा शब्द कोणत्याही कोशात गुलाम शब्दाशेजारी सापडणार नाही.

त्या इंजिनिअर कार्यकर्त्याला आम्ही हा मजकूर वाचायला दिला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "छापा. पण काका, वस्तीतल्या म्हाताऱ्यांकडून बाकीचे शब्द पण लिहून घ्यायला पाहिजेत, ते गेले की गेले." आता दर रविवारी वंदनेनंतर तो वही घेऊन बसतो आणि आम्ही शेजारी बसतो. एकेक शब्द, त्याचा अर्थ, कोणत्या गावचा, कोणी सांगितला. परवा शेवटच्या खोलीतल्या आजीबाई आल्या, नव्वदीच्या घरात आहेत. त्यांना एक शब्द आठवत होता, त्यांच्या आईला गावात ज्या नावाने हाक मारीत तो. पोरे समोर आहेत म्हणून त्या बोलेनात. आम्ही म्हणालो, मग कागदावर लिहून द्या. त्या म्हणाल्या, "लिहिता आलं असतं तर लिहिला असता रे बाबा." पुढच्या रविवारी पोरांना बाहेर अंगणात बसवायचे ठरले आहे.